ताटावरची तपासणी

माझ्या घरापासून कामाच्या जागेपर्यंत चाळीस मिनिटांची वाट आहे आणि त्या वाटेवर सात संडास आहेत. दोन सार्वजनिक, एक वाचनालयाचा, एक पेट्रोल पंपावरचा, एक दवाखान्याचा, आणि दोन अशा दुकानांतले, जिथे मी गरज नसताना काहीबाही विकत घेऊन ओळख टिकवली आहे. हे मी हसत सांगते, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. एकोणिसाव्या वर्षापासून माझं पोट माझं ऐकत नाही. कधी आठ-आठ दिवस कुलूप, कधी दिवसातून नऊ वेळा पळापळ, आणि मधूनमधून अशा कळा की टेबलाची कड धरून उभं राहावं लागतं. आज मी त्रेपन्न वर्षांची आहे. लग्न केलं नाही. लोकांना त्याची बरीच कारणं सांगितली; खरं कारण एवढंच, की रोज दुसऱ्या माणसासमोर बसून जेवावं लागलं असतं.

माझा धंदा दातांचा. म्हणजे मी डॉक्टर नाही. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे घेऊन आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्या ठशांत प्लास्टर ओततो, हुबेहूब जबडा तयार करतो आणि त्याच्यावरून कवळ्या आणि दातांच्या कॅपा बनवतो. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चावण्याची सोय करते आहे. मी स्वतः मात्र चावत नाही, गिळते. दात शाबूत आहेत, पण त्यांना कामाला लावायला मी कधी शिकलेच नाही.

गेल्या वर्षी एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. माझ्या रिपोर्टांची चळत बाजूला सारून तिनं विचारलं, "लहानपणी घरचं वातावरण कसं होतं?"

मी भडकले. "बाई, पोट दुखतंय माझं, लहानपण नाही."

ती शांत राहिली. म्हणाली, "पोट आणि मेंदू एकमेकांशी बोलायला लहानपणीच शिकतात. मूल रोज धास्तीत वाढलं तर काही जणांचं पोट पुढेही धास्तीतच राहतं. सगळ्यांचं होतं असं नाही. आणि रिपोर्टात काही दिसत नाही म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही."

इतक्या वर्षांत हे शेवटचं वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. मी जिन्यात बसून रडले. मग रडण्याचाही राग आला आणि कामावर गेले.

आता ते लहानपण सांगायला हवं. बाबा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन होते. पट्ट्यावरून बाटल्या दिव्यासमोरून सरकायच्या आणि ज्या बाटलीत बुडबुडा किंवा चरा दिसेल ती बाबा उचलून भंगाराच्या पेटीत टाकायचे. हेच काम ते घरी घेऊन आले. कारखान्यात जेवायला पंधरा मिनिटं मिळायची. घरी हात धुवायला रांग नसते, म्हणून आम्हाला बारा. मनगटावरचं घड्याळ सोडून ते ताटाशेजारी ठेवायचे. पण त्याआधी तपासणी असायची. ताटं वाढलेली, वाफ येतेय, आणि आम्ही दोघं भावंडं आळीपाळीनं दिवसभरातल्या आपल्या चुका सांगतोय. एखादी चूक लपवली आणि ती बाबांना आधीच कुठून कळलेली असली, तर ते ताट तसंच झाकून ठेवलं जायचं आणि सकाळी तेच समोर यायचं. मारायचे क्वचितच. आवाज तर कधीच चढवला नाही. उलट रागावले की आवाज खाली जायचा, इतका की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. आरडाओरडा करणारा बाप परवडला असता. आई वाढायची आणि भिंतीकडे बघत उभी राहायची.

माझा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. काडीसारखा होता, म्हणून बारक्या. आता त्याला बारक्या म्हणणं ही थट्टाच आहे. मोठ्या गोदामाचा मॅनेजर आहे, पट्ट्याला दरवर्षी नवं भोक पाडतो. "मी दगड पचवतो," असं तो चारचौघांत पोटावर थाप मारून सांगायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. एकाच ताटाशेजारी वाढलो, तो सुटला आणि मी अडकले, असं मी धरून चालले होते. माझ्या दुखण्याबद्दल मी त्याला कधी काही सांगितलं नाही. आमच्या घरी चूक सांगायची ती विचारल्यावर, आणि त्यानं कधी विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, ठकीचं पोट दुखतंय गं. वर्ष होत आलं."

ठकी त्याची मुलगी, आठ वर्षांची. लाकडाच्या बाहुलीसारखी गोल तोंडाची आणि गप्प.

"आणि मला आज सांगतोस?"

"होईल बरं, असं वाटलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं स्वच्छ. आता पुढच्या गुरुवारी भूल देऊन घशातून नळी घालून बघणार आहेत. मला धीर होत नाही."

"कधी दुखतं?"

"संध्याकाळी. साडेसात-आठच्या सुमाराला. सुट्टीत आजोळी गेली की नाही दुखत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबा. आई गेल्यापासून दोन वर्षं बाबा बारक्याकडे राहत होते. साडेसात ही आमची तपासणीची वेळ. डोक्यात अशी तिडीक उठली की फोन ठेवून दिला, परत लावला आणि म्हणाले, "रविवारी येते. बाबांना घेऊन जाते. नळीबिळी काही नको, महिनाभर थांब. पोरीचं पोट कशानं दुखतं ते मला माहीत आहे."

त्यानं कारणही विचारलं नाही. बाबांची पिशवी भरताना भावजय मान खाली घालून होती. बाबांनी विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "माझ्याकडे." ते निमूट उठले. ठकीनं दारातून त्यांना हात केला. मला वाटलं, सुटली पोरगी. त्या दिवशी घरी परतताना वाटेत एकाही संडासाची मला गरज पडली नाही.

बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे. हाताला कंप, तोंडात एकही दात नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना वाढलं आणि माझं मनगटी घड्याळ सोडून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. ठरवून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू? त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भात भराभर तोंडात कोंबायला लागले. तिसऱ्या घासाला ठसका लागला. डोळे पांढरे झाले. मी पाठीत थापट्या मारत होते आणि मनातून मला बरं वाटत होतं. नंतर मला स्वतःची इतकी किळस आली की घड्याळ कपाटात टाकून दिलं.

मग मी त्यांना कवळी बनवायला घेतली. रोज संध्याकाळी मेण लावून बघायचं, तासायचं, परत लावायचं. कवळी बसली तसे ते हळूहळू चावून जेवायला लागले. पाऊण-पाऊण तास. मी समोर बसायची नाही, स्वयंपाकघरातून बघायची. ज्या माणसानं मला बारा मिनिटं दिली, तो एका बटाट्याला दहा मिनिटं घेत होता. राग यायचा आणि तरी मी त्यांच्यासाठी बटाटा मऊ शिजवायची.

तिसऱ्या आठवड्यात एकदा ते आपण होऊन बोलले. "इथे बरं वाटतं जेवायला."

"तिकडे काय वाईट होतं?"

"तिकडे मी ताट घेऊन खोलीत बसायचो. टेबलावर बसवत नव्हतं. पोटात गोळा यायचा."

मला कळेना. "तुमच्या पोटात गोळा? कशानं?"

"बारक्या फार विचारतो जेवताना. त्या पोरीला." त्यांनी घास पुरता चावून गिळला. "बिचारी रडकुंडीला येते."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "आणि आम्हाला तुम्ही काय करत होता, बाबा?"

त्यांनी खूप वेळ आठवल्यासारखं केलं. "मी शिस्त लावत होतो," ते म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

त्यांना कळून ते असं म्हणाले की न कळून, मला सांगता येणार नाही. एवढं मात्र कळलं. चोर सोडून मी भलत्यालाच घेऊन आले होते. पोरगी जिथे होती तिथेच होती आणि "आता थांबेल" म्हणून मी सगळ्यांना गाफील करून आले होते. आणि तरीही मला ते पुरतं पटत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, काय धरायचं, असं म्हणत मी चार दिवस काढले. बारक्याला फोन केला तर तो म्हणाला, "दुखतंयच गं. आता ओकतेसुद्धा. महिना झाला की नळी घालून टाकतो."

पाचव्या दिवशी कामावर ठशांची पेटी आली. त्यातल्या एका ठशावर बारक्याच्या नावाची चिठ्ठी होती. त्याची दाढ तुटली होती, कॅप हवी होती. त्याच्या डॉक्टरांचं काम आमच्याकडेच येतं. मी प्लास्टर ओतलं, वाळल्यावर जबडा सोडवला आणि सवयीनं दिव्याखाली उलटसुलट करून पाहिला.

वरच्या समोरच्या दातांची आतली बाजू गेलेली होती. झिजून पातळ, गुळगुळीत, कडेला नुसता पापुद्रा. बाहेरची बाजू ठणठणीत. ब्रश जोरात घासणाऱ्याचे दात बाहेरून झिजतात, झोपेत दात खाणाऱ्याचे टोकाशी. आतून असे झिजतात ते पोटातलं आंबट वर येऊन. आणि इतके झिजायला एक-दोन वर्षं पुरत नाहीत. मी शेजारच्या टेबलावरच्या आमच्या म्हाताऱ्या कारागिराला दाखवलं. नाव झाकून.

"ओकून ओकून झालंय हे," तो म्हणाला. "पंचवीस-तीस वर्षांचं काम असेल. कोण आहे?"

"दगड पचवणारा एक आहे," मी म्हटलं.

मला रडू येत होतं आणि त्याच्या मुस्काटात मारावीशीही वाटत होती. मी तो जबडा रुमालात गुंडाळला, माझ्या शेजारणीला बाबांकडे बघायला सांगितलं आणि संध्याकाळी न कळवता बारक्याच्या घरी गेले.

साडेसातला दोन मिनिटं कमी होती. टेबलावर ताटं मांडलेली. भावजय गडबडली, "ताई, बसा ना, वाढते," म्हणाली. बारक्या उठला, हसला, मला खुर्ची दिली. ठकी आईच्या शेजारी पाठ ताठ करून बसली होती. माझ्याकडे बघून तिनं "आत्या" एवढंच म्हटलं. भात, वाटाण्याची भाजी, उकडलेलं अंडं. कुणी हात लावला नव्हता.

बारक्यानं फोन काढला आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर मोठे आकडे होते. बारा, शून्य, शून्य.

"हं, ठकाबाई," तो गोड आवाजात म्हणाला, "आज काय काय चुकलं?"

"काही नाही."

"आठव."

"पाण्याची बाटली शाळेत राहिली."

"आणि?"

तिचे ओठ हलले. बारक्या पुढे वाकला आणि आणखी हळू म्हणाला, "आणि?"

"गणित... दोन चुकली."

"शाबास. खरं सांगितलंस. चल, सुरू." त्यानं बोटानं फोनवरचे आकडे उलटे पळायला सोडले.

मी बोलायला आले होते. वाटभर वाक्यं जुळवली होती. पण त्यानं 'सुरू' म्हटलं आणि माझा हात ताटाकडे गेला. मी त्रेपन्न वर्षांची बाई, कुणाच्या घेण्यात नाही, देण्यात नाही, आणि मी मान खाली घालून अंडं दोन तुकड्यांत गिळलं, भात गिळला, वाटाणे न चावता गिळले. पाचव्या मिनिटाला माझं ताट रिकामं होतं. समोर ठकीही तशीच गिळत होती. तिचा डावा हात टेबलाखाली पोटावर होता. माझाही तिथेच होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला स्वतःची जी लाज वाटली, तिनं मला वाचा दिली.

"बारक्या, हे काय चाललंय?"

"कुठे काय? जेवतोय आपण."

"हा फोन. ही तपासणी."

तो ओशाळला नाही, उलट समजावणीच्या सुरात आला. "ताई, सवयी लागायला नकोत का? मी हात लावत नाही तिला. आवाज चढवत नाही. विचार हवं तर. बाबांसारखं शिळं ताट सकाळी पुढे ठेवत नाही."

"बाबाही आवाज चढवत नव्हते."

"मग? आपलं काय वाईट झालं? तू तुझ्या पायावर उभी आहेस, मी माझ्या. धडधाकट आहोत दोघं."

मी रुमाल सोडला आणि जबडा त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"हा तुझा. आतून बघ. बोट फिरव."

त्यानं बोट फिरवलं नाही.

"हे दात कशानं जातात ते मी तीस वर्षं बघते आहे. कधीपासून ओकतोस?"

"काय?" भावजय म्हणाली. "कोण ओकतं?"

बारक्या फोनकडे बघत होता. त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला होता, पांढरा आणि कोरा. "कॉलेजपासून," तो म्हणाला. "दुपारी मी जेवत नाही. दिवसभर गोदामात बिस्किटं-वडे चरतो, तेच अंगाला लागतं. रात्रीचं काही पोटात राहत नाही. जेवलो की तासाभरात वर येतं."

"तुम्ही नळ सोडून बसता ते?" भावजय खुर्चीवर बसली. "मला वाटायचं, दात घासताय. अठरा वर्षं मला वाटतंय, हा माणूस किती दात घासतो."

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "म्हणून नाही सांगितलं."

मग मी माझं सांगितलं. चौतीस वर्षांचं, सगळं, संडासांसकट. जेवणाच्या टेबलावर बसून असलं बोलू नये, पण आमच्या घरी त्याच टेबलावर सगळं बोलायची रीत होती. तो ऐकत होता. मधेच त्यानं माझं मनगट धरलं, लहानपणी अंधारात धरायचा तसं घट्ट, आणि म्हणाला, "ताई, मला वाटायचं तू सुटलीस."

"मला वाटायचं, तू."

आम्ही दोघंही रडत होतो. आणि मला खरंच वाटलं, झालं, फुटलं गळू, आता पोरीपुरतं तरी हे थांबेल. बारक्यालाही तसंच वाटलं असणार. त्यानं डोळे पुसले, फोन उचलून बंद केला आणि खिशात टाकला. मग ठकीकडे वळला. ती मघापासून हातात घास धरून आमच्याकडे बघत होती. निम्मं ताट अजून तसंच होतं.

"ठके," तो म्हणाला, "नको असेल तर ऊठ. राहिलं तर राहू दे."

ती उठली नाही. तिनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे. फोन नव्हता. किती वेळ उरलाय ते आता तिला कळायला मार्ग नव्हता.

"ऊठ, बाळ. आजपासून काही नाही. खरंच सांगतो."

तिनं घास तोंडात घातला, त्यावर दुसरा घातला. गालांचे फुगे झाले. भावजय "अगं, अगं" म्हणून उठली. ठकीनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि उरलेले वाटाणे मुठीनं गोळा केले.

"पुरे म्हणतोय ना," बारक्या म्हणाला. तो घाबरला होता आणि घाबरला की आमच्या घरच्या पुरुषांचा आवाज खाली जातो. तो पुढे वाकून अगदी हळू म्हणाला, "ठके. पुरे."

तो जसजसा हळू बोलत गेला तसतशी ती भराभर गिळत गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर त्याच्यावरून हलत नव्हती. ताट रिकामं झालं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्याला दाखवलं.